वळणावरची हाळी

आमच्या नदीला नदी म्हणावं की नाही, यावर आमच्या गावात अजून एकमत नाही. उन्हाळ्यात तिला वढा म्हणतात, पावसाळ्यात नदी म्हणतात, आणि तिनं कुणाचं वासरू ओढून नेलं की जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरकारनं एकदा पाटी लावली होती, तिच्यावर 'नाला' असं लिहिलेलं होतं. ती पाटी पुरात गेली. तिचं नाव खडकी. सेनगावहून पुसेगावच्या अंगाला जाताना जे उघडेबोडके माळ लागतात, त्यांच्या बेचक्यात ती आहे. रस्त्यावरून दिसत नाही. दिसली असती तर माझ्या डोक्याला एवढा ताप झाला नसता.

मी हिंगोलीत शाळेवर भूगोल शिकवते. वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे. त्यात कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. खडकी नाही. एका वर्षी मीच निळ्या बॉलपेननं तिची रेघ ओढली, माळावरून थेट कयाधूपर्यंत. आठवडाभरात मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, लेकरांनी नकाशा खराब केलाय, जरा पुसून घ्या." मी म्हटलं, पुसते. पुसली नाही. भादवा आला की ती रेघ मला छळते. खिडकीतून माळाच्या दिशेला काळं दिसलं की मी समोच्च रेषा शिकवता शिकवता मध्येच थांबते. पोरं कुजबुजतात, मॅडमचं ध्यान न्हाई. ध्यान कुठून असणार. माझी माय त्या रेघेवर उभी असते.

पुस्तकातली नदी फार शहाणी असते. डोंगरात ती तरुण, सपाटीवर प्रौढ, समुद्राजवळ म्हातारी, आणि हे सगळं ती सावकाश, एकामागून एक करते. आमची खडकी भादव्यातल्या एका दुपारी सगळी वयं उरकून मोकळी होते. वर माळावर तांडा आहे. तांड्याच्याही वर, एका उंबराखाली, खडकातून झिरपणारं थोडं पाणी आहे. सहलीला नेलेल्या पोरांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हा उगम. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हा तं नळ गळून राहिला." तिथून ती दोन माळांच्या मधून खाली उतरते. दरी इतकी चिंचोळी की दोन्ही काठांना शेतं झाली आणि रस्त्याला जागाच उरली नाही. म्हणून नदीचं पात्र हाच रस्ता. बैलगाडी पात्रातून, ट्रॅक्टर पात्रातून, धुणं पात्रात, शेळ्या पात्रात. वर्षातले बहुतेक दिवस ही मोठी सोय आहे. राहिलेल्या दिवसांसाठी आमचं घराणं आहे.

ते कसं, ते सांगते. दरीच्या मध्यावर एक काळी दरड आडवी उभी आहे. सरळ जायला जमत नाही म्हणून नदी तिथं कोपरा काढते आणि मग गावाकडे वळते. वर तांड्यावर ढग फुटला तरी खाली गावात खडखडीत ऊन असतं, भादव्याचं, मान भाजणारं. पात्रातल्या माणसांना कसलीच कल्पना नसते, आणि वरून पाणी निघालेलं असतं. तांड्यावरून कुणी कितीही ओरडलं तरी तो आवाज दरडीला आपटून तिथंच संपतो. वळणापलीकडच्या गावाला काही कळत नाही. तांड्याचा आवाज पोचतो तो फक्त वळणापर्यंत, आणि वळणावर आम्ही. आमचं शेत, आमचा आखाडा म्हणजे शेतातलं पत्र्याचं घर, आणि बांधाच्या खाली, ऐन पात्राला लागून, एक मोठा धोंडा. त्या धोंड्यावर उभं राहिलं की वरचा तांडाही ऐकू येतो आणि खालच्या गावालाही ऐकू जातं. जरा बाजूला सरकलात तर आपलाच आवाज दरडीवरून माघारी येऊन आपल्याला वेडावतो.

तर रीत अशी. तांड्यावरच्या बाईनं पाणी बघितलं की हाळी द्यायची. धोंड्यावरच्या बाईनं तिचं नाव घेऊन तिला उलट सांगायचं, ऐकलं. मग गावाकडे तोंड करून तीच हाळी पुढं द्यायची. आणि गावातून आपल्या नावानं 'ऐकलं' येईपर्यंत धोंड्यावरून उतरायचं नाही. ही शेवटची अट कुणी घातली मला माहीत नाही. ज्यानं घातली तो गावात राहत असणार, धोंड्यावर उभा राहत नसणार.

वळणाची जमीन आमच्याच वाट्याला कशी आली, हे मी लहानपणी विचारायची. मोठी झाल्यावर विचारणं सोडलं. जी जमीन दर भादव्यात थोडी थोडी नदीत जाते ती गाव कुणाला देईल, हे कळायला भूगोल लागत नाही. आजोबा बौद्धवाड्यातले, त्यांच्या हाती ती आली, ती त्यांनी दगडं वेचून वेचून शेत म्हणण्यालायक केली. आमच्या बोलण्याला गावात किती किंमत होती ते मी बघितलंय. पण धोंड्यावरून आलेला आवाज गाव मुकाट्यानं ऐकायचं. भले भले धोतर सावरत काठावर पळायचे. आजीला म्हणे याची फार गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही. मला वाटायचं, एरवी कानात बोळे घालून बसता आणि स्वतःचा जीव आला की बरोबर ऐकू येतं.

आजीचं नाव गयाबाई. मी पहिलीत असताना ती गेली. माझ्या मायचं नाव सुमन. रेशनकार्डावर सुमन, मतदानाला सुमन, आम्हा दोन्ही लेकरांच्या दाखल्यावर आईचं नाव सुमन. गाव मात्र तिला गयाबाई म्हणतं. आजी गेली तेव्हापासून. एका बाईचं नाव एवढ्या वर्षांत या लोकांना पाठ होत नाही, याचा मला इतका संताप यायचा की एकदा मी किसनकाकांना तोंडावर सुनावलं. किसनकाका म्हणजे गिरणीवाले. नदीच्या काठालाच त्यांची पिठाची गिरणी आहे आणि गावाच्या वतीनं हाळीला उत्तर द्यायचं काम त्यांच्या घराकडे आहे. म्हटलं, "काका, माझ्या आईचं नाव सुमन आहे. गयाबाई तिची सासू होती." ते मिशांवरचं पीठ झटकत म्हणाले, "व्हय व्हय, म्हाईत हाय ना." आणि मी पायरी उतरते न उतरते तोच आत ओरडले, "अरे, गयाबाईचं दळन बांधलं का?"

मायला याचं काहीच नाही. ती म्हणते, "काहून डोकं शिनवून घेतीस? हाक मारली का मी जाती. बास झालं."

यंदाच्या भादव्याची गोष्ट या नावापासूनच सुरू होते असं आता वाटतं, पण तेव्हा ती डोळ्यापासून सुरू झाली. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पार पिकलेला. माझा धाकटा भाऊ मिलिंद सेनगाव-हिंगोली जीप चालवतो. त्यानं एक दिवस शाळेच्या फाटकाशी जीप थांबवून सांगितलं, "ताई, माय धोंड्यावर पायानं चाचपून चढून राहिली. मी माझ्या डोळ्यानं बघितलं." मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी उन्हाळ्यातली तारीख दिली, तर माय म्हणाली, उन्हाळ्यात डोळ्याला ऊन बाधतं. आषाढातली दिली, तर म्हणाली, खुरपायला कोण, तुझे डॉक्टर का? तिसरी तारीख भादव्यातली निघाली आणि मायच्या हाती आयतं कोलीत सापडलं.

"भादव्यात मी न्हाई येत."

"माय, डोळा जाईल."

"जाईना का. माझं काम कानाचं हाय."

"पाणी आलेलं दिसायला नको तुला?"

"दिसायचं काम जमणाबाईचं. मी नुसतं ऐकायचं."

जमणाबाई म्हणजे तांड्यावरची. वरची हाळी तिची. ती आणि माय आयुष्यभर एकमेकींना हाका मारत आल्या, पण समोरासमोर भेटल्या त्या कधीमधी सेनगावच्या बाजारातच. मी एकदा बघितलंय. बांगड्यांच्या गाडीपाशी दोघी उभ्या होत्या आणि अगदी हळू, कानात सांगितल्यासारखं बोलत होत्या. मी मायला विचारलं, अशा काय बोलत होता? तर म्हणाली, "जवळ उभं राहून बोलायचं म्हनलं का लाज वाटती."

मी म्हटलं, आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत. माय हसली. तिचंही बरोबर होतं, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं. वळणावर रेंज नाही. दरड आवाजाला अडवते तशी मोबाईललाही अडवते. गावातल्या हुशार मंडळींनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आहे, त्याला नदीचंच नाव दिलं आहे. त्यावर सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो, आणि पाणी आल्याचा निरोप पाणी कयाधूला पोचल्यावर येतो. त्यात मध्यंतरी मशीन लावून वळणाखालची नदी खोल केली, सरळ केली. सरळ केल्यानं काय होतं हे मी पोरांना फळ्यावर शिकवते. पाणी पूर्वी वाकडं तिकडं रमतगमत गावात जायचं. आता ते वळण सोडलं की सुसाट. म्हणजे हाळीला वेळ होता तोही कमी केला, आणि वर सत्कार घेतले.

"मग धोंड्यावर कोन?" माय विचारत होती.

"कुणी नाही. दोन-चार दिवसांत काय आभाळ कोसळतं का?"

"भादव्यात दोन-चार दिवसातच कोसळतं."

मिलिंद इतका वेळ जीपच्या चाकाला टेकून बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "ताई, तूच काढ ना सुट्टी." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बोनेट पुसायला लागला.

माझा त्या धोंड्यावर राग आहे हे मिलिंदला माहीत आहे, का आहे हे त्याला आठवत नाही. तेव्हा तो माझ्या कडेवर होता.

मी आठवीत होते. त्या भादव्यात पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. बाबा हिंगोलीत गवंडीकामावर, आठवड्याला यायचे, त्यांना त्या महिन्यात नदीनं येऊच दिलं नाही. पलीकडे गाव आणि अलीकडे आखाड्यावर आम्ही तिघं. मुगाला शेंगेतच मोड आले होते, त्याचा आंबूस वास घरभर. ओल्या तुराट्या पेटायच्या नाहीत, नुसत्या धुमसायच्या. भाकरीला धुराची चव, पाण्याला मातीची. गोधड्या वाळायच्या नाहीत, त्या तशाच ओलसर अंगावर घ्यायच्या. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागे. शाळेत घटक चाचणी होती, नकाशात महाराष्ट्रातल्या नद्या भरायच्या होत्या. मी सगळ्या पाठ केल्या होत्या. नदीमुळे माझा नद्यांचा पेपर बुडला. नंतर गुरुजींना कारण सांगितलं तर ते पोट धरून हसले. मला आजही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

करायला काही नव्हतं म्हणून मायनं मला हाळी शिकवली. पाणी आलं, पाणी आलं असं ओरडायचं नसतं. शब्द दरीत टिकत नाहीत, विरघळतात. नुसता 'आ' लांबवायचा, हनुवटी वर करून, पोटातून, आणि शेवटी 'हो' सोडून द्यायचा. मला लाज वाटायची. वयच तसं होतं, उघड्या रानात गळा काढायचा म्हणजे काय. माय म्हणायची, "लाजू नको. इथं आपल्याला बघनारं कोनी न्हाई, ऐकनारं हाय."

मग एक दिवस ऊन पडलं. नदी उतरली आणि सगळं गाव एकदम पात्रात आलं. धुण्याचे ढीग, गाड्या, गुरं, आणि दळण संपलेल्या घरांची गिरणीवर गर्दी. दुपारनंतर माळावर काळं झालं आणि तांड्यावरून हाळी आली. माय हातातलं टाकून धोंड्यावर गेली. जमणाबाईला उत्तर दिलं, गावाकडे वळली, हाळी दिली. गावातून काही नाही. गिरणीचं इंजिन चालू होतं. आम्हाला त्याची टुकटुक ऐकू येत होती आणि त्यांना माय ऐकू येत नव्हती. तिनं पुन्हा दिली. आधी वास आला, कुजलेल्या पाल्याचा आणि ओल्या मातीचा. मग वरच्या अंगाला गडगड आली, आणि तांबडं पाणी कोपऱ्यातून फिरून धोंड्याच्या पायाशी आलं. मी बांधावर, मिलिंद कडेवर, तो माझ्या गळ्याला नखं रोवून रडत होता. मी ओरडत होते, माय ये, माय ये. तिनं मागं न बघता नुसता हात हलवला, गप म्हणून. पाणी धोंड्याच्या आणि बांधाच्या मधून वाहायला लागलं. तिचा आवाज फुटला होता. फुटक्या आवाजात ती हाळी देत राहिली.

मग एकाएकी इंजिन थांबलं. आणि खालून किसनकाकांच्या वडिलांचा आवाज आला, "ऐकलं गं गयाबाऽई."

तेव्हा ती उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून, करंजीच्या झाडाची मुळी धरून बांधावर आली. मला वाटलं आता आम्हाला पोटाशी घेईल. ती धापा टाकत माझ्यावर खेकसली, "तुझ्या बोंबलन्यानं मला त्यायचं उत्तर ऐकू येईना."

त्या दिवसापासून माझा राग आहे. नदीवर आहे, गावावर आहे, आणि मायवर सगळ्यात जास्त आहे. स्वतःच्या लेकरांकडे पाठ करून ती गावाच्या लेकरांसाठी उभी राहिली. पात्रातून सगळे वेळेत वर आले, शेळीसुद्धा गेली नाही, आणि लोक अजून ते आठवून मायला मोठी म्हणतात. असेल मोठी. कडेवर भाऊ घेऊन बांधावर जी उभी होती तिला कुणी काही विचारत नाही. मी भूगोल शिकले, नोकरी धरली, हिंगोलीला घर केलं, ते त्या बांधापासून लांब जायला. आणि पन्नाशी उलटल्यावर मी सुट्टीचा अर्ज देऊन त्याच बांधावर येऊन बसले. आपल्याच कपाळावर हात मारून घ्यावा तर तोही शेणानं भरलेला, कारण मायनं जाताना म्हशीचं बजावून सांगितलं होतं.

बाकी काय काय बजावलं त्याला अंत नाही. जीपमध्ये बसली, पुन्हा उतरली. "चप्पल काढूनच चढ, धोंडा निसरडा हाय." पुन्हा बसली. "उत्तर आल्याबिगर उतरू नको." मी म्हटलं, "माय, मी एक हाळी देणार आणि वर येणार. माझ्याकडून जास्तीची अपेक्षा ठेवू नको." तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी ती बराच वेळ माझ्याकडे तोंड करून बसली. मिलिंदनं पात्रातून जीप काढली. त्यांच्याबरोबर गावापर्यंत गेले तेव्हा किसनकाका गिरणीच्या दारात होते. म्हणाले, "शोभा, तुझ्यानं न्हाई व्हायचं ते. साळंतलं बोलनं येगळं." मी म्हटलं, "तुम्ही तेवढी गिरणी बंद ठेवा." ते म्हणाले, "आता लाईटवर हाय, आवाज न्हाई करत." म्हणजे त्या भादव्यात कशामुळे ऐकू गेलं नव्हतं, हे त्यांनाही पाठ होतं.

मग नुसतं ऊन. सोयाबीन पिवळं पडलेलं, शेंगा वाळून तडतड करणाऱ्या. दुपारी वारा पडला की ते तडतडणं आणि म्हशीचं रवंथ, बाकी काही नाही. मी सोबत वह्या तपासायला आणल्या होत्या, त्यांत लक्ष लागेना. मायच्या घरातली प्रत्येक वस्तू चाचपून सापडावी अशी ठेवलेली होती. मिठाचा डबा डाव्या हाताला, माचिस उंबऱ्याच्या फटीत, काठी दाराच्या आड. दारापासून धोंड्यापर्यंत पायवाट घासून घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्या कडेला तिनं पांढरे गोटे ओळीनं लावलेले. अंधुक दिसणाऱ्या माणसाला पांढरं तेवढं दिसतं. मला कुणी सांगितलं नव्हतं हे. मी त्या गोट्यांवर फार चिडले. एकेक उचलून नदीत फेकावा असं वाटलं. फेकला नाही.

ऑपरेशन झालं होतं, असं मिलिंदचा निरोप घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं. माय उद्या येणार होती. मला वाटलं, सुटले. त्याच दुपारी माळावर काळं झालं.

खाली पात्रात ट्रॅक्टर उभा होता. काठावरच्या शेतात सोयाबीन काढायचं मळणीयंत्र चालू होतं, त्याचा घर्रर्र आवाज दरीत भरलेला. बाया पोती उचलून ट्रॅक्टरकडे नेत होत्या. वळणाखालचं पात्र सरळ केल्यापासून त्या मला बांधावरून दिसत होत्या, मी त्यांना दिसत असणार, पण खाली मान घालून काम करणारं माणूस वर कशाला बघतं.

तांड्यावरून आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो विसरले असेन असं वाटलं होतं. पायांना आठवत होता. मी चपला काढलेल्या मला आठवत नाहीत, पण नंतर त्या दाराशीच सापडल्या. धोंड्यावर चढले, वर तोंड केलं आणि "ऐकलं गं जमणाबाऽई" असं माझ्या तोंडातून गेलं. मग गावाकडे वळून हाळी दिली. वर्गात ओरडून ओरडून घसा पार कामातून गेलेला, त्यातून आवाज कसला निघतोय असं वाटलं होतं. निघाला. उत्तर नाही. मळणीयंत्र चालूच.

एक हाळी द्यायची आणि वर यायचं, हे मी ठरवलं होतं, मायला तोंडावर सांगितलंही होतं. मी उतरले नाही. का उतरले नाही, मला विचारू नका. मला माझाच इतका राग आला होता की त्या रागानंच दुसरी हाळी दिली. मग तिसरी. वास आला, तोच. पाणी कोपऱ्यातून फिरलं. धोंड्याला लागलं तेव्हा पायाखाली हलकी थरथर जाणवली, आणि मी मान वळवून बांधाकडे बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. नशीब माझं, कुणी नव्हतं. असतं तर मीही हात हलवून त्याला गप केलं असतं. मला उत्तर ऐकायचं होतं.

मळणीयंत्र थांबलं. बाया पोती टाकून काठावर चढताना दिसल्या, ट्रॅक्टरवाला पोरींना हात देत होता. आणि मग किसनकाकांचा आवाज आला, म्हातारा झालेला, पण स्वच्छ.

"ऐकलं गं गयाबाऽई."

मी उतरले. गुडघाभर पाणी झालं होतं. करंजीची मुळी जिथल्या तिथं होती. बांधावर बसले आणि मला पहिली गोष्ट काय सुचावी, तर या माणसाला चांगलं माहीत होतं की माय हिंगोलीला आहे. त्याच्यासमोरून तिची जीप गेली. त्याच्याशी मी बोलले. तरी गयाबाई. ट्रॅक्टर अर्धा पाण्यात दिसत होता, बाया काठावर बसून पदरानं तोंडं पुसत होत्या, आणि मी एकटी बांधावर बसून त्या नावाशी भांडत होते. आजी गेली तेव्हा याच धोंड्यावरून मायनं पहिली हाळी दिली असणार. त्या दिवशी तिला हेच नाव मिळालं असणार. मी समजत होते की गावाला तिचं नाव पाठ होत नाही. गावानं ते नाव माणसाला दिलेलंच नव्हतं, धोंड्याला दिलं होतं. यात मान किती आणि आळस किती, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. मान असेल तर तो सुमन या नावानं द्यायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न तसाच आहे.

पाणी उतरल्यावर माय आली. डोळ्यावर हिरवा चष्मा, डोक्याला रुमाल. जीपमधून उतरून आधी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, मग खाटेवर बसली.

"पानी आलतं म्हनं."

"आलं होतं."

"लोक निघाले सगळे?"

"निघाले. ट्रॅक्टर तेवढा भिजला."

"उत्तर आल्यावरच उतरलीस?"

मी चुलीकडे तोंड केलं आणि हो म्हटलं. तिनं डोक्याचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाली, "कोनाच्या नावानं आलं?"

"गयाबाईच्या."

मायनं चष्म्याखाली बोट घातलं. मी ओरडले, "हात लावू नको, डॉक्टरांनी पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय." तिनं बोट काढलं आणि रुमालाचं टोक चावत बसली. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हटलं, "जमणाबाईचा आवाज मात्र अजून खणखणीत आहे."

"जमणाबाई तं माघातच गेली," माय म्हणाली. "सून हाय तिची. लई चांगली पोरगी हाय."

मी चुलीत फुंकर मारत राहिले. धूर नव्हता, तरी मारत राहिले. मागून माय सांगत होती, दुसरा डोळा डॉक्टरनं थंडीत करू म्हटलंय, पण थंडीत तिला तुरीचं काम असतं, त्यापेक्षा पुढच्या भादव्यातच बरं पडेल, मला सुट्टी मिळते ना तेव्हा. मी म्हटलं, "अजिबात नाही. थंडीतच करायचा." ती म्हणाली, "बरं. तू म्हनशील तसं." मायचं हे 'बरं' मला चांगलं माहीत आहे.

आता मी परत हिंगोलीत आहे. वर्गात नकाशा आहे, त्यावर ती निळी रेघ आहे, आणि ढग आले की पोरं आधी माझ्याकडे बघतात. माझं नाव शोभा आहे, हे किसनकाकांना एकदा स्पष्ट सांगायचं मी ठरवलं होतं. येताना गिरणीवरूनच आले, ते दारातच होते, म्हणाले, "निघाली का गयाबाई?"

मी म्हटलं, "निघाले, काका."